खाते क्रमांक ४७ चं बिल : दूध संकलन केंद्राचा डेटाबेस घडवताना

खाते क्रमांक ४७ च्या उत्पादकाचं ११ ते २० तारखेचं दहा दिवसांचं बिल हातात आलं तेव्हा त्यावर आकडा होता उणे १,११९ रुपये ६० पैसे. म्हणजे १४७ लिटर दूध घालून वर उत्पादकानेच केंद्राचं देणं लागायचं. घरी खुंटीला अडकवून ठेवलेल्या १९ पावत्यांची बेरीज मात्र ५,०२४ रुपये ४० पैसे होत होती. या दहा दिवसांत त्याने पशुखाद्याची दोन पोती नेली होती, ३,००० रुपयांची. हातात २,०२४ रुपये ४० पैसे पडायला हवे होते. फरक ३,१४४ रुपयांचा.

हे प्रकरण अभ्यासासाठी बांधलेलं आहे. केंद्र आणि त्याचे आकडे धरलेले आहेत, पण सगळा हिशेब एकाच एक्सेल शीटवर चालतो तिथे चुका नेमक्या याच वाटांनी शिरतात. केंद्राचे १८० उत्पादक आहेत. दूध सकाळ-संध्याकाळ येतं, काही घरांतून गाईचं आणि म्हशीचं वेगवेगळं. दिवसाला साधारण ४०० नोंदी, बिल १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. म्हणजे एका बिलामागे ४,००० ओळी आणि वर्षाला सुमारे १,४६,०००. डेटाबेसच्या दृष्टीने हा आकडा किरकोळ आहे, त्यामुळे वेगाची काळजी इथे शेवटी येते. आधी काळजी खरेपणाची.

शीटमधले कॉलम असे होते: तारीख, पाळी, खाते क्रमांक, नाव, वस्ती, मोबाईल, बँक खाते, दुधाचा प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, रक्कम, पशुखाद्य कपात, उचल कपात, शेरा.

बिल कुठे चुकलं

पहिली चूक दराची. १६ तारखेच्या सकाळपासून गाईच्या दुधाचा दर सरसकट २ रुपयांनी उतरला. दरपत्रक वेगळ्या शीटवर होतं आणि दराचा कॉलम व्हीलुकअप या एक्सेल सूत्राने तिथून दर उचलत होता. ऑपरेटरने जुन्या दरपत्रकावरच नवे आकडे लिहिले. त्याच क्षणी ११ ते १५ तारखेच्या ओळीही नव्या दराने मोजल्या गेल्या. त्या ओळींत ७२ लिटर दूध होतं, म्हणून १४४ रुपये गेले. पावत्या जुन्या दराने छापून झालेल्या, त्या बदलणार नाहीत. म्हणून घरची बेरीज बरोबर आणि शीटची चूक.

दुसरी चूक पोत्यांची. १३ तारखेला संध्याकाळी घरात कार्य होतं, दूध घरीच लागलं. पोती मात्र त्याच संध्याकाळी नेली. कपातीचा कॉलम दुधाच्या ओळीत, आणि दुधाची ओळ तर नाहीच. ऑपरेटरने शून्य लिटरची, फॅट शून्य अशी एक ओळ घातली आणि तिथे ३,००० लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला दुसरा माणूस बसला. पोत्यांच्या वहीत नोंद दिसली, दुधाच्या खऱ्या ओळींत कुठे दिसेना, म्हणून १४ तारखेच्या सकाळच्या ओळीत त्याने पुन्हा ३,००० लिहिले. दोघांनीही आपापल्या परीने नीटच काम केलं होतं. शीटने दोघांनाही योग्य जागा दिली नव्हती.

त्या शून्याच्या ओळीने आणखी एक घोळ केला. १९ खऱ्या पावत्यांची सरासरी फॅट ४.१ होती, बिलावर ३.९ छापली गेली, कारण भागाकार २० ने झाला. तसं पाहता फॅटची साधी सरासरी काढणंच चूक आहे. प्रत्येक पावतीचे लिटर गुणिले फॅट, त्यांची बेरीज, आणि तिला एकूण लिटरने भाग, अशीच ती काढावी. नाहीतर २ लिटरची पावती आणि १२ लिटरची पावती सारखीच धरली जाते.

आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवण्याची पद्धत, मांडलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत नॉर्मलायझेशनचे, म्हणजे एक गोष्ट एकाच जागी ठेवण्याचे, नियम आकाराला आले. त्या नियमांमागचे दोष या शीटवर जसेच्या तसे दिसतात. दूध नसेल तर पोतं नोंदवता येत नाही. बँक खातं बदललं तर शेकडो ओळी बदलाव्या लागतात, आणि एखादी राहतेच. जुन्या वर्षाच्या ओळी काढल्या तर दूध बंद केलेल्या माणसाचा मोबाईलही त्यांच्यासोबत जातो.

एक ओळ म्हणजे काय

डेटाबेस शिकताना लोक पहिली, दुसरी, तिसरी नॉर्मल फॉर्म, म्हणजे नॉर्मलायझेशनच्या पायऱ्या, पाठ करतात आणि प्रत्यक्ष टेबल आखायला बसले की अडकतात. त्याऐवजी प्रत्येक टेबलापुढे एकच वाक्य पूर्ण करायला घ्यावं: ‘या टेबलातली एक ओळ म्हणजे एक ...’. वाक्यात ‘आणि’ आलं, की टेबल फोडायची वेळ झाली. जुन्या शीटचं वाक्य असं होतं: एक ओळ म्हणजे एका पाळीचं दूध, आणि त्या माणसाचा पत्ता, आणि त्याचं बँक खातं, आणि त्याने नेलेलं पोतं.

हे वाक्य संगणकापाशी बसून पूर्ण होत नाही, त्यासाठी काट्यापाशी उभं राहावं लागतं. ‘एक ओळ म्हणजे एका उत्पादकाचं, एका तारखेचं, एका पाळीचं, एका प्रकारचं दूध’ असं लिहिलं की पूर्ण वाटतं. मग कळतं की काही घरांतून थोरला आधी एक कॅन घालून जातो आणि धाकटा अर्ध्या तासाने दुसरा आणतो. दोन मापं, दोन फॅट, दोन पावत्या. म्हणून वाक्यात ‘एक माप’ येतं आणि टेबलात माप क्रमांक.

हाती आलेली टेबलं अशी:

उत्पादक: उत्पादक आयडी, खाते क्रमांक, नाव, वस्ती, मोबाईल, सुरू तारीख, बंद तारीख.
बँक खाते: उत्पादक आयडी, खाते नंबर, आयएफएससी, कधीपासून लागू.
दरपत्रक: दरपत्रक आयडी, दुधाचा प्रकार, लागू तारीख, लागू पाळी.
दर ओळ: दरपत्रक आयडी, फॅट, एसएनएफ, दर.
संकलन: तारीख, पाळी, उत्पादक आयडी, प्रकार, माप क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दरपत्रक आयडी, दर, रक्कम, बिल आयडी.
खातेवही: नोंद आयडी, उत्पादक आयडी, तारीख, कारण, नावे किंवा जमा, रक्कम, मूळ कागदाचा क्रमांक.
बिल: बिल आयडी, उत्पादक आयडी, कालावधी, दूध रक्कम, कपात, निव्वळ, बंद केल्याची वेळ.

पोत्याला आता स्वतःची ओळ मिळाली. त्या दिवशी दूध आलं की नाही याच्याशी तिचा संबंध उरला नाही. कारण आणि मूळ कागदाचा क्रमांक (पोत्यासाठी त्याच्या पावतीचा नंबर) ही जोडी खातेवहीत युनिक, म्हणजे पुन्हा न येणारी, ठेवली की तेच पोतं दुसऱ्यांदा लिहायला डेटाबेसच नकार देतो. मात्र पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या मूळ मांडणीत युनिक कॉलमात नल, म्हणजे रिकामी जागा, कितीही वेळा चालतो. म्हणून पशुखाद्याच्या नोंदीला हा क्रमांक सक्तीचा करणारी अटही सोबत हवी, नाहीतर रिकामा ठेवून दुबार नोंद आत येते.

दर दोनदा लिहायचा का

इथे शिकणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. दर ठरतो प्रकार, तारीख, पाळी, फॅट आणि एसएनएफ यांवरून. तो दर ओळ या टेबलात आहेच. मग संकलनात पुन्हा लिहिला तर तिसरी नॉर्मल फॉर्म मोडते, असं पुस्तकी उत्तर येतं. आमचं ठाम मत आहे की तो संकलनात लिहावाच.

कारण दोन दर वेगळ्या गोष्टी सांगतात. दरपत्रकातला दर म्हणजे केंद्राने जाहीर केलेला भाव. पावतीवरचा दर म्हणजे त्या पाळीला त्या माणसाशी झालेला व्यवहार. दरपत्रकात टंकनाची चूक सापडून उद्या ती दुरुस्त झाली, तरी काल दिलेली पावती बदलत नाही. ही नक्कल नाही, घडलेल्या गोष्टीची नोंद आहे. उत्पादकाचं नाव किंवा बँक खातं संकलनात लिहिणं मात्र नक्कलच, कारण दूध मोजताना त्याबद्दल कोणताही व्यवहार झालेला नसतो.

दरपत्रकावर खाडाखोड करायची नाही, नवा भाव म्हणजे नवं दरपत्रक. फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ८.० ते ९.०, दोन्ही दशांशाच्या पायरीने घेतले तर २१ गुणिले ११, म्हणजे २३१ दर ओळी होतात. दर बदलाला एवढ्या ओळींची भर पडली तरी काही बिघडत नाही. ‘कधीपर्यंत लागू’ असा वेगळा कॉलम ठेवू नये. पुढच्या दरपत्रकाची सुरुवात हाच मागच्याचा शेवट, आणि दोन्ही लिहिले की मध्ये एखादी पाळी निसटते किंवा दोनदा धरली जाते. लागू तारखेसोबत लागू पाळी हवीच, कारण दर कधी कधी संध्याकाळपासून बदलतो.

नाव, नंबर आणि किल्ली

नावावर पिव्हट (एक्सेलची गटवार बेरीज) लावलं की एकाच माणसाची दोन बिलं निघतात, आणि मराठीत हा धोका इंग्रजीपेक्षा जास्त आहे. कुऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ एका कीबोर्डवर ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून उमटतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, संगणकासाठी दोन वेगळे शब्द. युनिकोड या अक्षरसंकेताचं एनएफसी नॉर्मलायझेशन (हे टेबलांचं नव्हे, अक्षरांची रूपं एकसारखी करणारं) र खाली नुक्ता दिलेला ऱ एकरूप करतं, पण जोडचिन्हाचा हा फरक मिटवत नाही. तो आयात करताना स्वतः नियम लिहून बदलावा लागतो. नाव हे दाखवण्यासाठी, जोडण्यासाठी नाही.

मग खाते क्रमांकच प्रायमरी की, म्हणजे ओळ ओळखायची किल्ली, का करू नये? कारण केंद्रावर तो माणसापेक्षा घराचा असतो. वडिलांचं खाते क्रमांक ४७ पुढे मुलाच्या नावावर जातं, किंवा बंद पडलेला क्रमांक वर्षभराने नव्या उत्पादकाला मिळतो. प्रायमरी की कधीही पुन्हा वापरली जाऊ नये. म्हणून उत्पादक आयडी हा अर्थ नसलेला, आपोआप वाढणारा आकडा आणि खाते क्रमांक वेगळा. चालू उत्पादकांत मात्र खाते क्रमांक एकदाच यायला हवा. पोस्टग्रेसमध्ये बंद तारीख रिकामी असलेल्या ओळींपुरता अंशतः युनिक इंडेक्स (शोधायची सूची) देता येतो, तो इथे नेमका बसतो.

ज्यावर बेरीज-वजाबाकी होत नाही तो नंबर मजकूर म्हणूनच ठेवावा. एक्सेल सुरुवातीचं शून्य खातं आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य करतं, बँक खात्याच्या बाबतीत ते सरळ नुकसान. जनावराच्या कानातला बिल्ला १२ अंकी असतो, तोही साध्या सेलमध्ये घातांकाच्या रूपात दिसतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं तेव्हा बिल्ल्यांच्या नोंदींना एकदम महत्त्व आलं. शीटवर त्यासाठी बिल्ला १, बिल्ला २, बिल्ला ३ असे कॉलम वाढवायचा मोह होतो आणि चौथी गाय आली की तो फसतो. जनावर हे वेगळं टेबल: एक ओळ म्हणजे एक बिल्ला. मालकी आणखी वेगळी, तारखेसह, कारण गाय बाजारात विकली जाते आणि बिल्ला तिच्यासोबत जातो.

आकड्यांचे प्रकार आणि अटी

पैशासाठी फ्लोट, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार, वापरायचा नाही. ७.३ लिटर आणि दर ३४.६५ यांचा गुणाकार २५२.९४५ येतो. अर्धा पैसा वर जावा की खाली हे नियमाने ठरायला हवं, पण बायनरी फ्लोटमध्ये ३४.६५ अचूक मावतच नाही, त्यामुळे उत्तर कोणत्या बाजूला पडेल हे त्या सूक्ष्म फरकावर ठरतं. दशांश अचूक ठेवणाऱ्या न्यूमेरिक प्रकारात पोस्टग्रेस ते २५२.९५ करतं. पैशापर्यंत पूर्णांक (राउंडिंग) कुठे करायचा हेही लिहून ठेवावं. प्रत्येक पावतीवर केला तर २० पावत्यांत एकूण बेरजेशी १० पैशांपर्यंत फरक पडू शकतो. पावती उत्पादकाच्या हातात जाते, म्हणून पावतीवरच करावा आणि बिल म्हणजे पावत्यांची बेरीज.

फॅटसाठी एक दशांशाचा न्यूमेरिक ठेवला तर एक सापळा आहे. ४.२५ आत गेलं तर पोस्टग्रेस तक्रार न करता ४.३ करून ठेवतं. केंद्राचा नियम दुसरा दशांश सोडून द्यायचा असेल तर पावतीवर ४.२ आणि टेबलात ४.३ होईल. छाटणी टेबलात जाण्याआधीच करावी.

चेक अटी, म्हणजे ओळ आत घेण्याआधी डेटाबेसने तपासायचे नियम, सैल ठेवाव्यात. चेक ही भिंत आहे, ओलांडताच येत नाही. लिटर शून्याहून जास्त, फॅट १५ च्या आत, एसएनएफ ५ ते १२ एवढं पुरे. ४.२ ऐवजी ४२ टंकलं तर अडेल, फॅट ८.५ आणि एसएनएफ ४.० अशी अदलाबदल झाली तरी अडेल, शून्य लिटरची खोटी ओळ तर जन्मालाच येणार नाही. ‘या गाईची फॅट कालपेक्षा एकाने वाढली’ असली शंका ऑपरेटरच्या पडद्यावर पिवळ्या रंगात दाखवावी, नोंद रोखू नये. रांगेत वीस माणसं कॅन घेऊन उभी असताना भिंत आडवी आली की लोक खोटा आकडा टाकून ती ओलांडतात.

पोस्टग्रेसऐवजी मायएसक्यूएल वापरत असाल तर आवृत्ती पाहा. ८.०.१६ च्या आधी चेक अट लिहिली तरी ती गुपचूप दुर्लक्षित होत असे. एसक्यूलाइट या आणखी एका प्रणालीत फॉरेन की (दुसऱ्या टेबलातली ओळ खरंच आहे ना हे पाहणारी अट) मूळ मांडणीत बंद असते, प्रत्येक जोडणीवेळी चालू करावी लागते. अट लिहिल्यावर एक मुद्दाम चुकीची ओळ घालून पाहावी. ती आत गेली तर अट नाही असं समजावं.

बिलाची क्वेरी

टेबलं नीट झाली तरी बिल पुन्हा चुकू शकतं, आणि या वेळी क्वेरीमुळे, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नामुळे. खाते क्रमांक ४७ च्या संकलनात १९ ओळी, खातेवहीत १. उत्पादक आयडीवर थेट जॉइन केलं, म्हणजे दोन्ही टेबलांच्या ओळी जोडल्या, की प्रत्येक पावतीसमोर तीच पोत्याची ओळ येते आणि कपात होते ५७,००० रुपये. हे निदान डोळ्यांत भरतं. खातेवहीत दोन ओळी असत्या तर दुधाची रक्कमही दुप्पट, १०,०४८ रुपये ८० पैसे झाली असती, आणि दोन्हीकडचे आकडे फुगल्यावर चूक शोधणं अवघड जातं. उपाय एकच: संकलनाची उत्पादकवार बेरीज वेगळी, खातेवहीची वेगळी, दोन्हीकडे माणशी एकच ओळ झाली की मग जॉइन.

तेही लेफ्ट जॉइन, उत्पादकाच्या टेबलापासून सुरू केलेलं, जोडीची ओळ नसली तरी उत्पादकाची ओळ राखणारं. साध्या जॉइनने ज्याने काहीच उचल केली नाही त्याचं बिलच गळतं. लेफ्ट जॉइनने त्याची कपात नल येते, आणि कोणत्याही रकमेतून नल वजा केला की उत्तर नल. बिलावर निव्वळ रक्कम कोरी छापली जाते. कोअ‍ॅलेस (COALESCE) या फंक्शनने नलच्या जागी शून्य घातलं की प्रश्न मिटतो. शेवटी एक पडताळणी हवीच: सगळ्या बिलांच्या दूध रकमेची बेरीज आणि त्या दहा दिवसांच्या सगळ्या संकलन ओळींची बेरीज पैशापर्यंत जुळली पाहिजे.

बिल बंद करणं म्हणजे एकच ट्रान्झॅक्शन. बिलाच्या १८० ओळी घालणं, पावत्यांवर बिल आयडी चढवणं, शिल्लक पुढे नेणं, हे सगळं झालं तर झालं, नाहीतर काहीच नाही. ९० बिलं झाल्यावर वीज गेली तरी परत चालू केल्यावर पाटी कोरी मिळते. उत्पादक आणि कालावधी या जोडीवर युनिक अट असली की दोन संगणकांवर बसलेल्या दोघांनी एकदमच बटण दाबलं तरी बिल एकदाच निघतं. ऑपरेटरच्या लॉगिनला संकलनात फक्त ओळ घालण्याचा आणि पाहण्याचा हक्क द्यावा, बदलण्याचा किंवा पुसण्याचा नाही.

इंडेक्सबद्दल थोडंच. संकलनाचा युनिक इंडेक्स (तारीख ते माप क्रमांक) तारखेपासून सुरू होतो, एका माणसाची वर्षभराची दूधनोंद काढायला तो उपयोगी पडत नाही. त्यासाठी उत्पादक आयडी आणि तारीख असा दुसरा करावा, कारण फॉरेन की दिली म्हणून पोस्टग्रेस त्यावर आपोआप इंडेक्स बनवत नाही. याहून जास्त काही लागत नाही.

जुनं शीट आत आणताना

थेट संकलनात भरू नये. सगळे कॉलम मजकूर असलेलं एक कच्चं टेबल करावं, शीट जसंच्या तसं तिथे घ्यावं आणि साफसफाई तिथून करावी. तारखा सर्वाधिक छळतात. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर ११/३ ला एक्सेल ३ नोव्हेंबर समजतं, आणि १३/३ ला महिनाच सापडत नाही म्हणून मजकूर ठेवतं. एकाच कॉलमात १ ते १२ तारखा उलट्या आणि १३ पासून पुढच्या मजकुरात. काही ठिकाणी ४५७२९ असा नुसता आकडा येतो, तो १३ मार्च २०२५ चा अनुक्रमांक आहे. कोणी लिटर देवनागरी अंकांत टंकलेले असतील तर पोस्टग्रेस ते आकडा म्हणून घेत नाही, ट्रान्सलेट फंक्शनने आधी अंक बदलावे लागतात.

एका बिलाच्या ४,००० ओळी आधी आणाव्यात, छापील बिलांशी ताडाव्यात, आणि मगच मागचं वर्ष. त्यानंतर दोन बिलं जुनं शीट आणि नवा डेटाबेस शेजारी शेजारी चालवावेत. रोज रात्री पीजीडंप या पोस्टग्रेसच्या साधनाने काढलेली प्रत त्याच संगणकावर ठेवणं म्हणजे बॅकअप नाही, ती बाहेर जायला हवी. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या बिलाची बेरीज जुळवावी.

राहिलं खाते क्रमांक ४७. ११ ते २० चं बिल बंद झालेलं आहे, ते कोणी उघडायचं नाही. खातेवहीत दोन जमा नोंदी पडतात: १४४ रुपये, कारण दरफरक, आणि ३,००० रुपये, कारण दुबार पशुखाद्य कपात. दोन्हींवर मूळ बिलाचा क्रमांक. उणे १,११९.६० मध्ये ३,१४४.०० मिळाले की २,०२४.४० होतात, आणि २१ ते ३१ च्या बिलावर तीच आरंभीची शिल्लक छापली जाते.